पोटगीचा बोजा

कोर्टाने माझी आणि मुलीची पोटगी मंजूर केली आणि तिचा बोजा नवऱ्याच्या जमिनीवर ठेवला. हुकूम हातात आला तेव्हा वाटलं, सुटले. पण लातूरच्या वकीलबाई म्हणाल्या, "कागद घरात ठेवून काय उपयोग? सातबाऱ्यावर बोजाची नोंद झाली पाहिजे. त्यानं जमिनीला गिऱ्हाईक बघितलंय म्हणे. लवकर अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका."

अर्ज द्यायचा होता रेणापूर तालुक्यातल्या माझ्या सासरच्या गावी, तलाठ्याकडे. चार वर्षांपूर्वी मी त्या गावातून निघाले होते ती मोडलेलं उजवं मनगट पदरात गुंडाळून.

अर्ज मी माहेरी शिलाई मशीनवर फळी ठेवून लिहिला. नवऱ्याचं नाव लिहायची वेळ आली की अक्षर वाकडं व्हायचं. तीन कागद वाया गेले. चौथा कसाबसा पुरा केला, त्याला हुकमाची नक्कल टाचली आणि मायला घेऊन एसटीत बसले.

"त्याचा भाऊ आला तर?" मायनं वाटेत दोनदा विचारलं.

"येऊ दे की," मी म्हणाले. पिशवीतला हुकूम तेवढा पुन्हा चाचपून बघितला.

तलाठ्याची खोली ग्रामपंचायतीच्या मागं होती. माय उंबऱ्यापाशीच बसली. तलाठी तरुण होता. त्यानं अर्ज वाचला, हुकमाशी ताडून बघितला आणि परत माझ्यापुढं सरकवला. "गट नंबर चुकलाय, ताई. हुकमात एकशे चौदा हाय, तुम्ही एकशे एक्केचाळीस लिहिलंय. दुरुस्त करून पुढच्या आठवड्यात या."

खरं सांगते, मला बरंच वाटलं. घरी जायला निमित्त मिळालं होतं. मी कागद गोळा करायला लागले, तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि दीर आत आला. गावातल्या कुणीतरी आम्हाला फाट्यावर उतरताना बघितलं असणार.

"वैनी, काय करायलात इथं?" तो अगदी हळू बोलला. त्या घरात मारायच्या आधी सगळे असेच हळू बोलायचे. "अर्जबिर्ज राहू द्या. घरी चला, चहा घेऊ. दादा बी हाय घरी."

आता उठले तर पुन्हा ह्या दारात पाय ठेवायची नाही, एवढं मला कळलं. मी तलाठ्याला म्हणाले, "साहेब, एक कोरा कागद द्या."

दीर माझ्या डोक्याशी उभा राहिला. मी पहिल्यापासून लिहायला घेतलं. मनगट नीट बसलेलं नाही, भराभर लिहिलं की ठणकतं. गट नंबर हुकमावर बोट ठेवून उतरवला. एक, एक, चार. सही केली आणि म्हणाले, "पोच द्या."

"साहेब, जरा थांबा की," दीर म्हणाला.

तलाठ्यानं त्याच्याकडं बघितलं, मग कागदाकडं. "कोर्टाचा हुकूम हाय. मला घ्यावाच लागतो." त्यानं शिक्का मारून पोच माझ्या हातात दिली.

"एसटीला अजून अर्धा तास हाय, वैनी," दीर दारातून म्हणाला.

आम्ही फाट्यापर्यंत चालत गेलो. मोटारसायकल तेवढा सगळा रस्ता आमच्या मागं हळूहळू येत राहिली. त्यानं काहीच केलं नाही. एसटी सुटल्यावर माय माझ्या कानाशी लागली, "माझं लुगडं ओलं झालंय गं." मी माझी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

नोंदीवर हरकत घ्यायला नवऱ्याला नोटिशीनं पंधरा दिवस मिळाले होते; ते पंधरा दिवस मी दिवसाढवळ्या कडी लावून शिवत बसले. गल्लीत मोटारसायकल वाजली की मशीन थांबायची. हरकत आली नाही. का आली नाही, ते मला कधीच कळलं नाही. पुढं सेतू केंद्रावर सातबारा काढला तर 'इतर हक्क' रकान्यात बोजाची नोंद लागली होती, खाली माझं नाव. ते मी तिथंच उभी राहून दोनदा वाचलं.

गिऱ्हाईक माघारी गेलं. काही महिन्यांनी थकलेल्या पोटगीतली पहिली रक्कम कोर्टात जमा झाली. ती आणायला गेले तेव्हाही मायला सोबत नेलं, आणि येताना दुसऱ्या रस्त्यानं आलो.