तांबूचे पाय

बेलवलीच्या विठाबाईंच्या गोठ्यात तीन गाई होत्या. चांदी, कपिला आणि पहिलटकरीण तांबू. भोवती इमारती उठल्या, लोकांनी गुरं विकली, बाईंनी नाही. नवरा गेल्यापासून घर दुधावरच चाले, आणि माया तर विचारूच नका. चांदीने वैरणीला तोंड लावलं नाही, तर बाईंच्याही घशाखाली घास उतरत नसे.

दर शुक्रवारी त्या तिघींचे पाय धूत. बादली एक, पुसायला जुन्या लुगड्याचा तुकडा एक. आधी चांदीचा मान, मग कपिलेचा, मग तांबूचा. शेवटी तो तुकडा कपाळाला लावून दोरीवर टाकत.

एकोणनव्वद साली दसरा झाला आणि चांदी लंगडू लागली. खुराच्या बेचक्यात सूज, जवळ गेलं की कुजका वास. बाईंनी हळद-तेल भरून फडकं घट्ट बांधलं. चार दिवसांत कपिलेनेही पाय उचलून धरला. बाईंचं धाबं दणाणलं. तांबूचं वासरू जेमतेम महिन्याचं. तीही बसली तर?

गुरांचे डॉक्टर गुरुदत्त आले. फडकं सोडून त्यांनी कुजलेला भाग साफ केला, दोघींना इंजेक्शनं दिली.

"या दोघींना वेगळं, कोरड्यात बांधा. मी सांगेन तोवर यांचं दूध विकू नका."

"अहो, पण दर शुक्रवारी पाय धुते मी! एवढं कोण करतं?"

"पुसता कशानं?"

बाईंनी दोरीकडे बोट दाखवलं.

"तिघींना हाच?"

"हाच."

बाईंनी तो तुकडा दोरीवरून ओढून काढला. "म्हणजे मीच की हो..."

"मावशी, तांबू अजून धड आहे. आधी तिचं बघू."

त्यांनी रीत सांगितली. उल्हासनगरच्या बाजारातून मोरचूद आणायचं, लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम. तांबूचे पाय वेगळ्या पाण्याने धुवून तिला त्या निळ्या पाण्यात उभं करायचं, मग पाय सुकेपर्यंत कोरड्या जमिनीवर. पाणी मळलं की बदलायचं. वासराला त्यात तोंड घालू द्यायचं नाही.

वसुबारसेला आळीतल्या बायका नेहमीसारख्या पूजेला आल्या. पुढे सुंदराबाई, हातात तांब्या.

"सुंदराक्का, पाय नका धुऊ. कुंकू तेवढं कपाळाला लावा."

"अगो बाई! आता गाईलाही सोवळं आलं का?"

बायका फिदीफिदी हसल्या. तेवढ्यात नव्या इमारतीतल्या कुंदाताईंनी दाराशी ठेवलेलं निळं पाणी पाहिलं. गाईच्या पायांचं तीर्थ समजून त्यांनी ओंजळ भरली. विठाबाईंनी झेप घेऊन मनगटच धरलं.

"तीर्थ नव्हे ते, विष आहे!"

मग मात्र बाईंना सांगावंच लागलं. इतके दिवस कुणापाशी बोलल्या नव्हत्या. "चांदी-कपिलेचा रोग मीच पसरवला. एकच फडकं फिरवत होते."

"आणि तांबू?" सुंदराबाईंनी विचारलं.

बाईंनी तिला सोडलं. वासराला ढुशी देत तांबू अंगणात आली, चारही पाय नीट टेकत. विठाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

सुंदराबाईंनी तांब्या बाजूला ठेवून तांबूच्या कपाळी कुंकू लावलं. मग हळूच म्हणाल्या, "विठे, ते मोरचुदाचं माप कागदावर लिहून दे. खरवईला लेकीकडे चार गाई आहेत. पाय पुसायला तिला मीच शिकवलंय."