एका नंबरच्या छत्तीस जणी

राजूरच्या वर, घाटाच्या कडेला वांजुळदरा नावाचं गाव आहे. गाव म्हणजे पाच वाड्या, एकीपासून दुसरीला जायला अर्धा-पाऊण तास. तिथल्या आशाताई म्हणजे बनुबाई. सातवी शिकलेल्या, वय पंचेचाळीस, पायात प्लॅस्टिकच्या चपला आणि खांद्याला निळी पिशवी. पिशवीत गोळ्या, वजनकाटा आणि एक दोनशे पानी वही. प्रत्येक गरोदर बाईला वहीचं एक पान.

मी आरोग्य खात्यात आकडेवारीचं काम करतो. निवृत्तीला अकरा महिने उरलेत. बनुबाईंची नि माझी ओळख महिन्याच्या अहवालापुरती. त्यांचा अहवाल कधी उशिरा आला नाही आणि बेरीज कधी चुकली नाही, म्हणून नाव लक्षात राहिलं होतं.

मागच्या मे महिन्यात, राजूरच्या बाजारादिवशी, त्या माझ्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊसाहेब, आमची गाडी चालली म्हनं खाली?"

गाडी म्हणजे बाळंतिणींना दवाखान्यात नेणारी जीप. चार वर्षांपासून ती वांजुळदऱ्याच्या उपकेंद्रापाशी उभी असते. त्याआधी बाईला झोळीत घालून घाट उतरावा लागे, आणि पावसाळ्यात तर रस्ता कुठला आणि ओढा कुठला हे कळत नसे. बनुबाईंनी स्वतः सहा झोळ्यांना खांदा दिला होता. त्यांतल्या पाच बाया घरी परत आल्या.

मी म्हणालो, "ताई, आता राज्यभरातल्या नोंदी एकत्र करून संगणक सांगतो, कुठे किती गरज आहे. पंचवीसपेक्षा कमी गरोदर बाया असतील तिथली गाडी एक जूनला हलणार. तुमच्या गावात आठच आहेत."

"आठ?" त्यांनी वही टेबलावर ठेवली. "आमच्या वरल्या वाडीतच बारा हायेत. मोजा."

मी मोजल्या. त्रेचाळीस पानं भरली. मग संगणकावर मूळ नोंदी उघडल्या, तेव्हा उलगडा झाला. सात जणींकडे स्वतःचा मोबाईल होता. उरलेल्या छत्तीस जणींच्या नावापुढे एकच नंबर, बनुबाईंचा. बायांकडे फोन नाही, नवऱ्याचा फोन नवऱ्याबरोबर नारायणगावकडे मजुरीला गेलेला. रकाना मोकळा सोडला तर नोंद पुढे सरकत नाही. म्हणून बनुबाईंनी आपला नंबर घातला. संगणकाने एका नंबरची माणसं एकच धरली आणि पस्तीस नावं दुबार म्हणून काढून टाकली.

फेब्रुवारीत त्या दुबार यादीवर 'मान्य' असं मीच नोंदवलं होतं. यादी चारशे पानांची होती, मी पहिली दहा पानं तपासली होती. हे मी त्यांना सांगितलं.

त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "मंजी छत्तीस जनींचे मिळून मलाच दिवस गेल्यात म्हना की."

हरकत घ्यायला दहा दिवस होते. मी विचारल्यावर वरून उत्तर आलं, पडताळणी फोनवरूनच होईल. नोंदीतल्या नंबरवर फोन येईल, बाईने स्वतः बोलायचं. नंबर एकच, आणि वांजुळदऱ्यात रेंज फक्त मारुतीमागच्या कातळावर. मी फोन करणाऱ्या कार्यालयाशी बोलून दोन सकाळी ठरवून घेतल्या आणि स्वतः वर गेलो.

सात वाजल्यापासून जीपने फेऱ्या मारून लांबच्या वाड्यांतल्या बाया आणल्या. कातळावर घोंगड्या अंथरून त्या ओळीने बसल्या. बनुबाईंचे यजमान सूर्यभान पाण्याचा हंडा घेऊन आले. आठ वाजता फोन वाजला. नाव, वय, कितवा महिना, कितवं बाळंतपण. एकीचं झालं की फोन पुढच्या हातात.

नवव्या बाईनंतर पलीकडची मुलगी गोंधळली. "ताई, तुम्ही सगळ्या एकाच घरात राहता का?"

"न्हाई ओ, एकाच दगडावर बसलोय," बनुबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तीन नावं अडली. दोघी माहेरी गेलेल्या, एक मजुरीवरून परतलीच नव्हती. तिची सासू छबूबाई पुढे सरकली. "दे इकडं, मी बोलते. आवाज कोन वळखतंय? इशी बाई, म्हातारी झाले तरी आवाज बारीक हाय माजा."

सगळ्या हसल्या. सूर्यभानही म्हणाले, "दे की, एवढ्यानं गाडी राहत आसंल तर."

बनुबाईंनी फोन छातीशी धरला. "न्हाई मामी. एक खोटी सापडली तर बाकीच्या समद्या खोट्या व्हतील." आणि फोनमध्ये स्पष्ट सांगितलं, "ती इथं न्हाई. गैरहजर लिवा."

तेहतीस जणी खऱ्या ठरल्या. आधीच्या सात धरून चाळीस. मी हरकतीच्या अर्जाला वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या, माझी चूक माझ्या नावाने लिहिली आणि एक सूचना केली: मोबाईल कोणाचा, स्वतःचा, घरच्यांचा की आशाताईंचा, असा वेगळा रकाना असावा. रकान्याचं अजून उत्तर नाही. गाडीचं मात्र अठ्ठावीस मेला आलं. गाडी राहिली.

ऑगस्टमध्ये सुकन्या नावाच्या मुलीला पहाटे कळा सुरू झाल्या. कातळावर तिचा पाचवा नंबर होता. बाहेर धुकं आणि पाऊस. जीप तिला घेऊन उतरली, बनुबाई शेजारी बसल्या. साडेसातला मुलगी झाली, वजन पावणेतीन किलो.

मी नंतर वर गेलो तेव्हा सूर्यभान आणि बनुबाई रेंजसाठी कातळावर बसले होते. बायकोचा फोन वाजला तसे म्हणाले, "बघा भाऊसाहेब, परत निरोप. 'अभिनंदन, आपल्याला कन्यारत्न झालं.' ह्या साली हिला ही अकरावी."

"नाव न्हाई घालत निरोपात," बनुबाई चपला घालत म्हणाल्या. "पन ही सुकन्याचीच. लसीची तारीख आलीया. सांगून येते तिला." आणि पिशवी खांद्याला लावून त्या वरल्या वाडीच्या वाटेला लागल्या.