मॅग्नेटो माझ्या मांडीवर होता

आधीच सांगतो, भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस मी नाही. तसा असतो तर हे लिहायला एवढी लाज वाटली नसती. मेहकरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आम्ही बौद्ध. घरात अंगारा नाही, उतारा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. अंगात आलेलं कुणी दिसलं तर बाबा त्याला "पाणी पी अन् घरी जाय" एवढंच सांगायचे. आणि जे झालं ते नेमकं त्यांच्याच बाबतीत झालं...

बाबा गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, मलमपट्टी करायचे. त्यांच्याकडे जुनी बीएसए मोटारसायकल होती. पाचशे सीसी, एका सिलेंडरची, इंग्रजांच्या फौजेतून कुणाकुणाच्या हातून फिरत आलेली. तिच्यावर त्यांनी हिवरा आश्रमाकडची सगळी खेडी पालथी घातली. मग इंजिन जाम झालं आणि गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली, ती वीसेक वर्षं तिथंच. गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. कधी एखादा शब्द यायचा, तोही ओढूनताणून. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन "आता फक्त सेवा करा" म्हटलं. त्याच आठवड्यात मी इंजिन खाली उतरवलं. बाबांना तिचा आवाज एकदा ऐकवायचा, बस्स, एवढंच मनात होतं.

शेड त्यांच्या खिडकीसमोरच आहे. मी पिस्टन काढला, सिलेंडर बोअर करून आणला, व्हॉल्व्ह घासले, आणि ते पलंगावरून बघत राहायचे. चार महिन्यांत सगळं जुळलं. राहिला तो मॅग्नेटो. या गाडीला बॅटरी लागत नाही. इंजिनाला जोडलेला हा लोखंडी डबा फिरला की त्यातूनच ठिणगी पडते. तो नाही तर इंजिन म्हणजे नुसता बिडाचा गोळा. आमचा जळून गेला होता.

गल्लीतल्या सलीम मिस्त्रीने तेव्हाच सांगितलं होतं, "सर, कॉइल-बॅटरी लावून टाकतो, उद्या चालू. बाबाले आवाज ऐकायचा हाय, मॅग्नेटो थोडाच पाहायचा हाय!"

मी नाही म्हटलं. ओरिजिनलच पाहिजे! जुन्या गाड्यांचं वेड लागलेल्या माणसाला हा माज येतोच, नटसुद्धा दुसरा चालत नाही. मॅग्नेटो खामगावला वाइंडिंगला गेला आणि तिथंच दीड महिना पडून राहिला. बाबा रोज डोळ्यांनी शेडकडे खूण करायचे. मी म्हणायचो, "परवा, बाबा. परवा नक्की."

जानेवारीतला एक दिवस. मॅग्नेटो तयार झाल्याचा फोन आला म्हणून सकाळीच खामगाव गाठलं. काम उरकलं आणि दुपारी स्टँडवर मेहकरच्या गाडीची वाट बघत बसलो. मॅग्नेटो पिशवीत, पिशवी मांडीवर. तेवढ्यात आईचा फोन.

"काऊन रे, आला अन् भेटला बी नाही?"

"कोण आला?"

"तू! आताच गाडी चालू केली ना? लगेच कुठं गेला?"

"आई, मी खामगावले हाओ. स्टँडवर."

ताईने फोन घेतला. बाबांचं सगळं करायला ती तेव्हा माहेरीच राहत होती. ती बाबांना पेज भरवत होती. बाहेर किक मारल्याचा आवाज झाला, एकदाच, आणि इंजिन धडधडायला लागलं. खिडकीची तावदानं हलली. ती धावत बाहेर गेली. फाटकाला आतून कडी, शेडमध्ये कुणी नाही... आणि गाडी चालू. तिच्या डोळ्यांसमोर हळूहळू मंद होत बंद पडली.

"मी सायलेन्सरले हात लावून पाह्यला... भाजला रे माह्या हात!"

"टाकी कुठं हाय?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"मागच्या खोलीत. तूच त ठेवली ना रंगवाले."

म्हणजे पेट्रोल नाही. आणि ठिणगी पाडणारा डबा माझ्या मांडीवर, थंडगार! शेजारच्या बाईंनी न विचारताच पाण्याची बाटली पुढे केली. अडीच तासांचा तो प्रवास मला आठवत नाही.

घरी पोचलो तर सलीम मिस्त्री गाडीपुढे उकिडवा बसलेला. मॅग्नेटोच्या जागी मी कोंबलेली चिंधी तशीच होती. "सर," तो म्हणाला, "पस्तीस वर्षं झाले मले या धंद्यात. हे होऊच नाही शकत." आवाज शेजाऱ्याच्या बुलेटचा म्हणावा, तर तो ती घेऊन सकाळीच अकोल्याला गेला होता. सायलेन्सर उन्हानं तापला म्हणावं, तर शेडमध्ये हिवाळ्यात ऊन येतच नाही. ताईच्या तळहातावर टपोरा फोड आला होता. उष्णता कुठून तरी येते, हे मी पोरांना दरवर्षी शिकवतो. इथं कुठून आली?

आत जाताना आईने दंड धरला. "त्याईले काही सांगू नको. त्याईले वाटते, तूच चालू केली."

बाबा उशीला टेकून बसले होते. डोळे भरलेले. त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. ओठ बराच वेळ नुसतेच हलत राहिले, मग शब्द आले.

"किती... किका?"

"एकच, बाबा. पह्यल्याच किकले."

ते अर्ध्याच तोंडाने हसले, पण हसले. माझ्या हातावर दोनदा थोपटलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

ती शाबासकी माझी नव्हती. सलीमचं ऐकलं असतं तर ती माझी झाली असती, हे मला आजही खातं. कोणाची होती, ते ठाऊक नाही. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना विचारलं, ते हसले. मीही त्यांच्या जागी हसलोच असतो.

नंतर मॅग्नेटो बसवला, टाकी चढवली. गाडी चालते. पण आजवर ती एका किकमध्ये एकदाही चालू झालेली नाही, सात-आठ तरी माराव्या लागतात. आवाज आला की आई दारात येऊन उभी राहते.

"असाच होता का त्या दिवशी?" मी विचारतो.

ती थोडा वेळ ऐकते. मग मान हलवते, नाही म्हणून, आणि आत निघून जाते.