पेशकारांचं घड्याळ

बदनापूरच्या मार्तंडरावांनी सदतीस वर्षं जालन्याच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. निवृत्त झाल्यावर नोंदवायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घरातलं सामान उपसायला घेतलं. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत, जुन्या धोतरात गुंडाळलेलं, एक गजराचं घड्याळ निघालं. डोक्यावर पितळी घंटा, पाठीला दोन चाव्या, काच तडकलेली. तबकडीवरची अक्षरं उडाली होती, तळाशी जर्मनीचं नाव तेवढं वाचता येत होतं.

"भंगारवाला गल्लीतच हाय," त्यांच्या पत्नी शरयूबाई म्हणाल्या. "देऊन टाका."

"भंगार? अगं, हे आजोबांचं. आजोबा निजामाच्या कचेरीत पेशकार होते."

आजोबा पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद मांडणारे कारकून, होते हे खरं होतं. घड्याळ त्यांचं होतं, हे मात्र मार्तंडरावांनी त्याच क्षणी ठरवलं. पहिल्या दिवशी आजोबांनी ते हैदराबादेत विकत घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी ते एका बड्या अंमलदारानं, आजोबांच्या अक्षरावर खूश होऊन, बक्षीस दिलं होतं. आठवडा उलटला तेव्हा बक्षिसाचा हुकूम थेट महालातून सुटला होता. शेजारचा भुजंग एमआयडीसीत लोखंड वितळवण्याच्या कारखान्यात होता, म्हणून धातूतला जाणकार तोच. त्यानं घड्याळ हातात तोलून पाहिलं.

"वजन बराबर हाय काका. मुंबईत असल्या मालाला लाख लाख रुपये देऊन राह्यलेत."

मुंबईत कोण, कुठे, हे विचारायची मार्तंडरावांना गरज वाटली नाही. घड्याळ कपाटात गेलं, कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला गेली, आणि शरयूबाईंना साडी काढायलाही परवानगी मागावी लागू लागली.

ते साल होतं अठ्ठ्याण्णव. मराठवाडा मुक्त होऊन पन्नास वर्षं होत होती आणि शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. हेडमास्तर धर्मराज स्वतः घरी आले.

"तुमचं घड्याळ मधोमध ठेवू. तुम्हाला स्टेजवर खुर्ची. फक्त ते निजामाचं बक्षीस वगैरे... मुक्तीच्या कार्यक्रमात बरं दिसणार न्हाई."

मार्तंडराव क्षणभरच अडखळले. "बक्षीस लोक म्हणतात हो. खरं म्हणजे आजोबा भूमिगत कार्यकर्त्यांना पहाटे उठवायचे, ते याच घड्याळानं."

अशा रीतीनं चहा निवायच्या आत पेशकार क्रांतिकारक झाले. हेडमास्तर खूश झाले. वस्तू कोणाची, कधीची, हे पुठ्ठ्यावर लिहून आणा म्हणाले, आणि झेंडा चढेल त्या क्षणी गजर वाजला पाहिजे, एवढी एकच अट घातली. घोडं पेंड खात होतं ते इथं, कारण घड्याळ बंद होतं.

मार्तंडराव जालन्याला रामकिसनच्या दुकानात गेले. रामकिसन बापाच्या गादीवर बसून घड्याळं दुरुस्त करी. त्यानं डोळ्याला भिंग लावलं.

"किंमत किती होईल?" मार्तंडरावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"चालू केलं तर दीडशे. असले त्या काळात गाडीभर आल्ते." पाठीचं झाकण काढून त्यानं उजेडात धरलं आणि हसला. "हे तर आमच्या बापाच्या हाताचं हाय. खेड्यातले लोक पावती हरवायचे, म्हणून बाप झाकणाच्या आतून मालकाचं नाव कोरून ठेवायचा. वाचा."

आत सुईनं कोरलं होतं: रखमाजी, वडीगोद्री, १९५६.

मार्तंडराव दुकानाच्या स्टुलावर बसले. आठवलं नाही असं नव्हतं. आठवायची सोय त्यांनी ठेवली नव्हती. वडील वडीगोद्रीला गुरुजी होते. शेजारी रखमाजी. कापूस विकून त्यानं घड्याळ आणलं होतं, सगळ्या गल्लीत ते एकच. मार्तंडच्या मॅट्रिकच्या वर्षी रखमाजी ते घेऊन दारात उभा राहिला. "पोराला पहाटी उठाया होईल, परीक्षा झाली की द्या." परीक्षा झाली, वडिलांची बदली झाली, सामान भरलं गेलं. धोतरही वडिलांचंच होतं.

रामकिसननं घड्याळ चालू करून दिलं. त्याची टिकटिक पिशवीतून ऐकू येत होती. बदनापूरची गाडी सोडून मार्तंडराव वडीगोद्रीच्या एसटीत बसले. जाताना त्यांनी मनात भाषण तयार केलं, त्यात बदलीची गडबड होती, वडिलांचं आजारपण होतं आणि कचेरीतली जबाबदारीही होती. मनात लाज इतकी दाटली होती की भाषण तीनदा पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

रखमाजी वारून बारा वर्षं झाली होती. त्याची बायको द्वारकाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. नजर अधू, पण गुरुजींचं नाव सांगताच तिनं मान वर केली. मार्तंडरावांनी घड्याळ तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं घंटेवरून बोटं फिरवली.

"पास झाला का रं मंग?"

मार्तंडरावांच्या ओठांवर सदतीस वर्षांची नोकरी आली, पेशकार आजोबा आले, स्टेजवरची खुर्चीसुद्धा आली.

"झालो," ते म्हणाले. "पहिल्यांदा नापास झाल्तो. ऑक्टोबरात झालो." हे त्यांनी शरयूबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं.

"आमचे मालक बराबर म्हणायचे बघ. लोक म्हणले, गुरुजीनं घड्याळ नेलं, जाऊन मागा. मालक म्हणले, पोरगं नापास झालं असंल, तोंड दाखवाया लाजून राह्यलं असंल. मागाया गेलो तर त्याच्या जिवाला लागंल. पास झालं की घेऊन येईल आपसूक." तिनं घड्याळ कानाशी धरलं. "लई दिवस वाट बघितली त्यांनी."

मार्तंडरावांनी कमरेची कपाटाची किल्ली उगाच चाचपली.

द्वारकाबाईनं आत तोंड करून सुनेला हाक मारली. "नंदाबाई, चहा टाक गं. गुरुजीचं पोरगं पास झालंय."