खानावळीतला जपानी पैलवान

साठ-बासष्टच्या सुमारास कुवेतमधल्या हवल्लीच्या आमच्या खानावळीत एक जपानी यायचा. तेल कंपनीत लागण्याआधी तो पैलवान होता. खुर्ची आधी हाताने दाबून बघायचा, तिला वाकून नमस्कार करायचा आणि मगच बसायचा. मोडक्या इंग्रजीत सांगायचा, "जपानात मी गोऱ्यांना आपटायचो, लोक हार घालायचे. अमेरिकेत गोऱ्यांच्या डोळ्यांत मीठ फेकून मीच आपटला जायचो, लोक बाटल्या मारायचे. ज्याचं घर, त्याची जीत. धंद्याचा नियम!"

एकदा खानावळीचे चाचा त्याच्याशी पंजा लढवायला बसले. रत्नागिरीचे, अंगाने काडी. जपानी कण्हला, त्याने डोळे फिरवले आणि तो खुर्चीसकट कोसळला. चाचा आठवडाभर दिसेल त्याला सांगत होते, "जपानी पाडला मी!"

मी कोल्हापूरचा. आधीच ठरवलेली नुरा कुस्ती बघितली की माझं डोकं फिरतं. मी त्याला गाठलंच.

"मुद्दाम हरलात ना?"

"खानावळ त्यांची. घर त्यांचं."

"अहो, त्यांचं घर रत्नागिरीला! इथे तेही परकेच."

त्याने हातातला घास ताटात ठेवून चाचांकडे बघितलं.

"दोघंही परके?" तो म्हणाला. "मग जिंकायचं कुणी?"