खांद्यातला कापूस

आमचे हे मूळचे शिंपी, आता एका जुन्या नटीच्या संग्रहालयाचे राखणदार. तिकिटं मी फाडते. तिच्या निळ्या झग्याची कसरीने चाळण केली, तेव्हा यांनी फोटो बघून गुपचूप नवा शिवला आणि काचेत लावला. "सांगून टाका," मी बजावलं होतं. ऐकतील तर शपथ!

आज नटीची थोरली बहीण आली. तिने काच उघडायला लावली आणि झग्याचे खांदे चाचपले.

"तिचा डावा खांदा पडका होता. फोटोत दिसू नये म्हणून आत कापूस भरायचे," ती म्हणाली. "यात कापूस नाही."

"चुकलो, ताई. दोन्ही खांदे सारखेच बेतले."

तिने हात काढला नाही. "राहू दे. जन्मभर तिला असाच झगा हवा होता."