सोळा संस्कारांचं ब्रास

आमच्या ग्रुपमधले किस्से म्हणजे आईस्क्रीमचे रिकामे डबे! टाकवत नाहीत, लागतील कधीतरी म्हणून साठत जातात, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात. परवा बार्बेक्यूला कुणीतरी मंदारचं नाव काढलं आणि कपाट उघडलं.

मंदार कॅसल हिलला राहतो, मी स्कोफिल्ड्सला. दोघंही पुण्याहून या परक्या देशात आलेले, दोघंही आयटीतले, आणि रविवारी दोघंही एकाच रायफल क्लबात लांबवरच्या पुठ्ठ्याला भोकं पाडायला जातो. गोळी सुटली की मागे पितळेची नळी उरते. तिला सगळे ब्रास म्हणतात. ते टाकायचं नाही, तयार करून पुन्हा भरायचं. मी या तयारीत तीनच गोष्टी करतो. तडा गेलाय का बघतो, नळी मापात आणतो, लांबी वाढली असेल तर छाटतो. मंदार मात्र प्रत्येक नळीवर सोळा संस्कार करतो. बारसं तेवढं राहिलंय.

"अरे, यातलं खरंच गरजेचं काय आहे?" मी एकदा विचारलं.

"सगळंच! गरज नसती तर त्याची हत्यारं कशाला विकली असती?"

* * *

मंदारला वेड्यात काढायचं, तर क्लबाचे कॅप्टन ग्रॅहम यांना कुठे ठेवायचं हा प्रश्न आहे. ग्रॅहम निवृत्त डेंटिस्ट. ब्रासच्या बुडाशी एक छोटा खळगा असतो, त्यात काळा थर बसतो. ग्रॅहम तो थर दातांच्या हत्यारांनी, कपाळाला दिवा लावून काढतात. मी एकदा बराच वेळ बघत उभा राहिलो.

"याने नेम सुधारतो का हो?" मी इंग्रजीत विचारलं.

"अजिबात नाही, मेट," ग्रॅहम दिवा न काढता म्हणाले. "पण हा पेशंट ओरडत नाही!"

* * *

मंदार ब्रास वजनाप्रमाणे वेगवेगळं लावतो. त्यासाठी त्याच्याकडे एक नाजूक काटा आहे. जवळून कुणी शिंकलं तरी आकडा हलतो. एका दिवाळीत मंदारची बायको केतकी बेसनाचे लाडू वळत होती. हा तिच्याशेजारी काटा घेऊन बसला आणि प्रत्येक लाडू तोलून द्यायला लागला. कुठे चिमूटभर काढ, कुठे चिमूटभर लाव. बेसन गार होऊन गेलं. शेवटी केतकी एक लाडू हातात घेऊन उठली.

"सगळे एकसारखे झाले," ती म्हणाली. "आता नेम कुणावर धरू?"

* * *

मंदार पेशाने टेस्टर. त्यामुळे सोळातला कोणता संस्कार गाळला तर चालतं, याची त्यानं रीतसर चाचणी घ्यायची ठरवली. दर रविवारी एक संस्कार वगळायचा आणि पुठ्ठ्यावरची भोकं किती जवळ पडतात ते मोजायचं. कल्पना उत्तम होती. पण भोकं लांब पडली की मंदार म्हणायचा, "बघ, ही स्टेप लागतेच!" आणि जवळ पडली की म्हणायचा, "आज वारा नव्हता रे."

उन्हाळाभर चाचण्या चालल्या. सोळाच्या सोळा संस्कार पास झाले. वर एक नवीन हत्यार आलं.

त्याची लेक इरा, वय वर्षं नऊ, एवढंच म्हणाली, "बाबा, कांट वी जस्ट बाय देम फ्रॉम द शॉप?" तिच्याशी तो दोन दिवस धड बोलला नाही.

* * *

मग सप्टेंबरात गारा पडल्या. लिंबाएवढ्या! कॅसल हिलमध्ये ज्याला त्याला गाडी आत घ्यायची घाई. मंदारचं गराज दोन गाड्यांचं, पण आत ब्रास दाबून मापात आणायचा प्रेस, बाक, फडताळं आणि ब्रासचे डबे. केतकीची नवी गाडी बाहेर उभी होती. गारा थांबल्यावर तिचं टप इडलीपात्रासारखं झालं होतं. इन्शुरन्सच्या माणसाने फोनवर विचारलं, "गराज आहे ना तुमच्याकडे? मग त्यात काय होतं?"

"ब्रास," मंदार म्हणाला. "पण त्याला काही झालेलं नाही."

केतकी त्या दिवशी खरंच रडली. मलाही तिचं वाईट वाटलं, कारण गाडी तिने स्वतःच्या पहिल्या प्रमोशनला घेतली होती. रडून झाल्यावर तिने शांतपणे अट घातली. ऑक्टोबरात क्लबाची शील्ड मॅच. तिच्यात दोन फेऱ्या. पहिली फेरी तीन संस्कारांच्या ब्रासने मारायची, दुसरी सोळा संस्कारांच्या. फरक दिसला तर गराज मंदारचं. नाही दिसला तर गाडी आत आणि मंदारला एक फडताळ.

"डन!" मंदार म्हणाला. त्याने दोन डबे केले. निळ्या झाकणात तीनवालं, लाल झाकणात सोळावालं.

* * *

आता शेवटचा.

तेव्हा केतकीची आई सांगलीहून आलेली होती. काकूंचा व्हिसा संपत आला होता. केतकी म्हणत होती, वाढवू या. मंदार म्हणत होता, "अगं, फार किचकट असतं ते, आणि आईंनाही इथे करमत नाही." काकूंना छान करमत होतं.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची. रायफल तिजोरीतून बाहेर काढायची नाही, म्हणून मंदारनं प्रेस आणि ब्रासचे दोन्ही डबे पूजेला मांडायचे ठरवले. संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघतो तर ब्रास देवघरातल्या समईसारखं लखलखत होतं! काकूंनी चिंच-मीठ लावून घासून, धुऊन, उन्हात वाळवलं होतं. मंदार इतका खूश झाला की त्यानं ग्रुपवर सात फोटो टाकले. मग पूजा झाली, हळदीकुंकू झालं, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं ब्रास भरायला घेतलं.

रविवारी शील्ड मॅचला सगळं कुटुंब क्लबात. पहिली फेरी, निळा डबा. भोकं पुठ्ठाभर! मंदारचा चेहरा मात्र उजळला. मधल्या सुट्टीत काकूंनी एस्कीतून, म्हणजे बर्फाच्या पेटीतून, एक वाटी काढली. "सकाळच्या गडबडीत राहूनच गेलं बघा, मंदारराव," म्हणत त्यांनी जावयाच्या हातावर दही-साखर ठेवली. त्याने ती चाटली आणि तो लाल डबा घेऊन गेला.

दुसरी फेरी त्याच्या आयुष्यातली सर्वांत भारी फेरी होती. भोकं एकमेकांना चिकटलेली! ग्रॅहम यांनी स्वतः येऊन पाठ थोपटली. मंदार पुठ्ठा घेऊन केतकीसमोर उभा राहिला.

"दिसला फरक? सोळा म्हणजे सोळा!"

केतकीने गाडीकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते.

"कसले सोळा?" काकूंनी विचारलं. मंदारनं मोठ्या उत्साहानं लाल झाकण, निळं झाकण, सगळं समजावून सांगितलं.

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "मी तर दोन्ही डबे एकाच घमेल्यात ओतून घासले. मग जसं हाताला आलं तसं डब्यांत भरलं परत."

केतकीने डोळे पुसले आणि पर्समधून गाडीची किल्ली काढली. मंदार बराच वेळ हातातल्या पुठ्ठ्याकडे बघत होता. मग त्याने एस्कीतल्या रिकाम्या वाटीकडे बघितलं.

"आई," तो हळूच म्हणाला, "तुमचा व्हिसा वाढवून घेऊ या का?"